सिस्टरांचा टँक आणि आमचा बांध

आमच्या सिस्टर गावातल्या निम्म्या माणसांना पाठमोरं ओळखायच्या. तोंड बघून त्यांचा घोळ व्हायचा. पारापाशी कुणी "राम राम सिस्टर" म्हटलं की चष्मा कपाळावर ढकलून विचारणार, "कोण रं तू?" तो बिचारा बापाचं नाव सांगतोय, आळी सांगतोय, पण ह्यांच्या डोक्यात उजेड पडायचा नाही. मग तो कंटाळून वळला आणि चालू लागला, की मागून हाक. "आरं, तू व्हय! गळवं व्हायची न्हाई का तुला? डाव्या अंगाला!" आणि डावं अंग म्हणजे नेमकं कुठलं, हे पारावर बसलेल्या सगळ्यांना कळायचं.

ह्यात त्यांचा तरी काय दोष? उभी नोकरी त्यांनी आमच्या गावच्या उपकेंद्रात काढली. गाव शिरूर तालुक्यातलं, कवठे येमाईच्या अलीकडचं. डॉक्टर उगवला तर उगवला, बाकी सगळा कारभार सिस्टरांचा. ताप आला, कमरेत सुई. खिळा घुसला, कमरेत सुई. सरपंचापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळा गाव त्यांनी एकाच बाजूनं पाहिलेला. मनुष्यजातीबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता, त्याचं मूळ इथं असावं.

सुई टोचण्याआधी त्या म्हणायच्या, "मुंगी चावल्यागत वाटंल." पुढं पुढं ते वाक्य सुईपुरतं राहिलं नाही. कुणाला तोंडावर काही सांगायचं असलं की आधी हे. "मुंगी चावल्यागत वाटंल, पण तुझा नवरा कामाचा न्हाई." "मुंगी चावल्यागत वाटंल, पण तुमच्या पोराला मॅथ जमणार न्हाई, त्याला गॅरेजला घाला." मुंगी कसली, इंगळी चावायची. पण सांगितलेलं बहुधा खरं निघायचं, म्हणून लोक ओरडत ओरडत का होईना, ऐकायचे.

त्या मूळच्या दौंडच्या. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या आणि भीमेत पोहायला शिकलेल्या. नवरा लवकर गेला. एक मुलगी, ती हडपसरला फ्लॅटमध्ये. रिटायर झाल्यावर त्या मुलीकडं जाणार असं गावानं ठरवूनसुद्धा टाकलं होतं. शाल, नारळ, ग्रुप फोटो, सगळं झालं. आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या त्यांच्या तुकड्यात जेसीबी आला.

हा तुकडा त्यांनी फार मागं घेतलेला. त्यात दोन खोल्यांचं घर, एक लिंब, थोडं गवत. आमचं घर आणि त्यांचं घर ह्यांच्या मध्ये बांध. जेसीबीनं बांधाच्या बाजूला उकरायला सुरुवात केली, तेव्हा आमचे आबा म्हणजे माझे वडील तंबाखू मळत बांधावर जाऊन उभे राहिले. बांध हा आबांचा जिव्हाळ्याचा विषय. बायकोची साडी कुठल्या रंगाची ते सांगता येणार नाही, पण बांधावरचा दगड हलला तर झोपेत कळेल.

"सिस्टर," आबा म्हणाले, "एकट्या बाईला एवढा मोठा शोषखड्डा?"

"शोषखड्डा न्हाई आबा. पवायचा टँक हाय."

आबा हसले. सिस्टर हसल्या नाहीत. मग आबांचंही हसू बारीक होत होत बंद पडलं.

"कोण पवणार त्यात?"

"मी."

"आन् एवढी रिकामी जागा सोडून माझ्या बांधालाच का?"

"तिकडं लिंब हाय. पानं पडत्यात पाण्यात. हितं ऊन बी चांगलं लागतंय."

आबा घरी येऊन आईला म्हणाले, "सिस्टरचं डोकं फिरलं." गाव म्हणालं, फंडाचे पैसे पाण्यात घातले. हे मात्र शब्दशः खरं होतं, त्यामुळं त्यावर वाद घालता येत नव्हता.

टँक झाला. निळ्या फरशा, एका टोकाला कंबरभर आणि दुसऱ्या टोकाला डोक्यावरून जाईल एवढं पाणी, उतरायला लोखंडी शिडी. त्याच्यामागं काहीतरी दुःखद कहाणी असणार, ह्याबद्दल गावाची खात्री होती. कुणी म्हणालं, बहीण भीमेत बुडाली असेल. कुणी म्हणालं, नवऱ्याची शेवटची इच्छा असेल. मोबाईलवर बातम्या करणारा एक पोरगा शिरूरवरून आला. माईक पुढं धरून, गळा दाटवून त्यानं विचारलं, "सिस्टर, तुमच्या आयुष्यात असा एखादा प्रसंग घडला का, की ज्यामुळं तुम्हाला हे करावंसं वाटलं?"

"घडला की," सिस्टर म्हणाल्या. "रिटायर झाले."

"नाही, म्हणजे एखादं दुःख..."

"आरं, मला पवायचं व्हतं. पोरगी म्हणती, फ्लॅटला ये. फ्लॅटला काय बादलीत पवू?"

बातमी आलीच नाही.

आता माझं सांगतो. मी तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होतो, आणि कायम तिसरी पाळी. लोक उठतात तेव्हा मी घरी यायचो, भाकरी खायचो आणि मागच्या खोलीत पडायचो ते उन्हं कलेपर्यंत. मागची खोली म्हणजे बांधाकडची. खिडकी उघडली की समोर बांध, आणि बांधापलीकडं आता सिस्टरांचा टँक. प्रेस मशीन ही अशी चीज आहे की डुलकी लागली तर माणूस नंतर डाव्या हातानं भाकरी खायला शिकतो. माझ्या शेजारच्या मशीनवरचा एक बिहारचा गडी तसा शिकला होता. म्हणून झोप ही माझ्यासाठी चैन नव्हती. ती माझी बोटं होती.

पहिले काही दिवस काही त्रास नव्हता. सिस्टर एकट्या पोहायच्या, पंजाबी ड्रेस घालून, सकाळी, म्हशीसारख्या संथ. पाण्याचा चुळूक चुळूक आवाज यायचा, तो बराच वाटायचा. मग बीपी सुरू झालं.

सिस्टरांकडं बीपीचं मशीन होतं. माळ्याच्या घरातली म्हातारी एका दुपारी बीपी बघायला आली आणि टँकच्या कडेला पाय सोडून बसली. दुसऱ्या दिवशी तिची सून आली. मग सुनेची जाऊ. हळूहळू गावातल्या बायकांना एकदम बीपीचा त्रास सुरू झाला. दुपारची भांडी झाली की एकेक जण निघायची. "कुठं चाललीस?" "बीपी बघाया." नवरे काळजीत. आमच्या आळीत तर एका घरात सासू, सून आणि नणंद, तिघींचं बीपी एकाच वेळी वाढायचं.

टँकात उतरताना सुरुवातीला फजिती झाली. सहावारी साड्या पाण्यात फुगून वर यायच्या आणि बायका फुग्यासारख्या तरंगायच्या. सगळ्यात तयारीच्या निघाल्या नऊवारीवाल्या म्हाताऱ्या. कासोटा घातलेलाच, धडाधड उतरल्या. पोरींसाठी सिस्टरांनी नियम केला, गाऊन आणि खाली लेगिंग, नाहीतर बीपी बघणार नाही.

आणि आवाज! पाणी कंबरेला लागलं की एक किंकाळी. छातीला लागलं की दुसरी. नाकात गेलं की सगळ्यांची मिळून तिसरी. ह्या सगळ्यावरून सिस्टरांचा आवाज. त्यांनी आयुष्यभर बाळंतपणं केलेली, त्यांना ओरडून शिकवायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. "घाबरू नको! श्वास घे! लाव जोर! आजून जोर लाव! आलं, आलं, झालंच आता!"

माझा स्वतःचा जन्म ह्याच आवाजाखाली झालेला. त्यामुळं मी रोज दुपारी अर्धवट झोपेत नव्यानं जन्माला येत होतो.

उशी डोक्यावर घेतली. कानात कापूस घातला. खिडकीला गोधडी लावली. उकाड्यानं जीव गेला, आवाज मात्र गेला नाही. कंपनीत सुपरवायझरनं मला दोनदा हलवून जागं केलं आणि सांगितलं, तिसऱ्यांदा घरी पाठवीन. मग एका सकाळी मोटारसायकलवरून येताना मला खरंच झोप लागली. डोळे उघडले तेव्हा मी रस्त्याकडेच्या पाटाच्या चारीत होतो, गुडघाभर चिखलात, आणि गाडी उसात. एक म्हातारा वरून वाकून विचारत होता, "गाडी शिकतुयास का?"

तसाच चिखलानं भरलेला मी सिस्टरांच्या अंगणात गेलो. रात्रभरच्या पाळीनं, चारीनं आणि रागानं माझं तोंड काळंनिळं झालं असणार. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"सिस्टर, हे बंद करा."

"कोण रं तू?"

मी न बोलता पाठ केली.

"आगं बया, आबांचा व्हय! काय झालं रं?"

"झोप न्हाई. पंधरवडा झाला झोप न्हाई. आज चारीत गेलो, उद्या मशीनमधी हात जाईल. तुम्हाला पवायचंय, पवा की. पण माझ्या खिडकीत कशाला?"

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. मला ओट्यावर बसवलं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, जीभ बघितली, मनगट धरून घड्याळाकडं बघत राहिल्या. मी भांडायला आलो होतो आणि तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून बसलो होतो. त्या अवस्थेत भांडण पुढं नेता येत नाही.

"तू खरंच आजारी पडशील," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. "हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं. दुपारी कोण झोपतंय, आसं वाटलं मला."

"मग बंद करताय?"

"मुंगी चावल्यागत वाटंल," त्या म्हणाल्या, "पण बंद न्हाई करणार. ह्या बायकांना दुपारचीच सवड असती. ती बी आत्ता कुठं मिळायला लागली. चल, आत ये."

आत त्यांची मागची खोली होती. टँकापासून सगळ्यात लांबची, मध्ये आख्खं घर, जाड भिंत आणि लिंबाची सावली. धान्याच्या कोठ्या आणि एक लोखंडी कॉट. "हितं झोप. आजपासनं. तुझ्या घरापरीस माझं घर शांत हाय."

मी नाही म्हणणार होतो. पण कॉटवर बसून नाही म्हणायला गेलो आणि जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती, अंगावर चादर होती आणि पायांचा चिखल कुणीतरी पुसलेला होता.

अशा रीतीनं मी शत्रूच्या गोटात झोपायला लागलो. आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी जेवण सोडलं. म्हणजे पहिली भाकरी सोडली, दुसरी खाल्ली.

"आपण तिच्याशी भांडतुय आन् तू तिच्या घरात घोरतोस?"

"आपण कुठं भांडतोय?"

"मी भांडतुय!"

आणि ते खरोखर भांडले. त्यांनी ग्रामसभेत विषय घ्यायला लावला. सिस्टरांचा टँक, त्याचा आवाज आणि बांध.

त्या सभेला जेवढी गर्दी झाली तेवढी निवडणुकीत झाली नव्हती. पुरुष खुर्च्यांवर, बायका दारात. सिस्टर पहिल्या रांगेत, मांडीवर वाटाणा घेऊन सोलत बसलेल्या. सोसायटीचे चेअरमन उठले. हे पांढऱ्या कपड्यातले भारदस्त गृहस्थ. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "गावच्या लेकीसुना अशा पाण्यात उतरणं, ही आपली संस्कृती न्हाई."

सिस्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "कोण बोलतंय?"

"मी, चेअरमन."

"न्हाई येत ध्यानात. जरा वळता का?"

आधी दारातल्या बायका हसल्या. मग मागची रांग. मग सगळा हॉल. चेअरमन खाली बसले, आणि बसतानाही जरा जपूनच बसले. त्यांच्या शेजारचे एक तात्या चिडून उठले. "हसण्यावारी नेऊ नका! बायकांना धाक म्हणून ऱ्हायला न्हाई आता!"

"धाकाचं काढलंत ते बरं केलंत," सिस्टर वाटाणा सोलता सोलता म्हणाल्या. "नसबंदीच्या शिबिराला नेताना जीपमधनं उडी टाकून उसात पळालेलं कोण कोण हाय हितं? हात वर करू नका. मला म्हाईत हाय. त्यांच्या बायकांना मग मीच घेऊन गेले, ऑपरेशनला."

आता कुणीच हसलं नाही. टोप्या खाली झुकल्या. दारातल्या बायकाही गप्प झाल्या, पण तो गप्पपणा वेगळा होता. सिस्टरांच्या पोटात गावाची काय काय गुपितं असतील! त्यातलं एकही त्यांनी कधी बाहेर काढलं नाही. हेसुद्धा नाव न घेता. पण ती आहेत, एवढं मात्र त्या अधूनमधून गावाच्या कानावर घालायच्या.

शेवटी आबा उठले. आबा सभेत कधी बोलत नाहीत. "सिस्टर, मला संस्कृतीचं काय म्हाईत न्हाई. माझं पोरगं रातभर मशीनवर असतंय. दिवसा त्याला झोप लागंना, तर त्याचं हात जात्याल. एवढंच माझं म्हणणं हाय."

सिस्टरांनी सोलणं थांबवलं. "आबा, एवढ्या सभेत खरं बोलणारं तुम्ही एकटं हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोराचं हात मला बी पायजेत. मीच त्याला भायेर काढलाय. पर आबा, आता पोरगा झोपतोय कुठं?"

आबांनी टोपी सारखी केली.

"कुठं झोपतोय, आबा?"

"...तुमच्याकडं."

सभेनं तो विषय पुढच्या सभेत घ्यायचं ठरवलं. ती पुढची सभा आजवर झालेली नाही.

आबांना ते फार लागलं. रस्त्यात भेटेल तो विचारायचा, "पोरगं उठलं का शेजारनं?" मग त्यांनी शेवटचा बाण काढला, मोजणीचा अर्ज. टँक आपल्या हद्दीत आलेला आहे, निदान कडेची फरशी तरी, ह्याबद्दल त्यांची खात्री होती. मोजणीवाले आले, मशीन उभं केलं, इकडून तिकडं फिरले, नकाशा पसरला. आबा कमरेवर हात ठेवून त्यांच्या मागं मागं. मोजणीवाले साहेब टँकापाशी थांबलेच नाहीत. बांधापाशीही थांबले नाहीत. बांध ओलांडून आमच्या परसात आले, चालत चालत आमच्या संडासापाशी आले आणि त्याच्या भिंतीवर, बरोबर मध्यावर, चुन्यानं रेघ मारली.

त्याचं असं होतं, की आबा आणि त्यांच्या आधी आमचे आजोबा, दर नांगरटीला बांधाला नांगराचं टोक हळूच लावायचे. ह्याला बांध कोरणं म्हणतात. दरवर्षी बोटभर. बोटाबोटानं बांध सरकत सरकत पलीकडं गेला, आणि मग मोकळ्या झालेल्या जागेत आबांनी मोठ्या हौसेनं संडास बांधला. आता निम्मा संडास सिस्टरांचा निघाला.

आबा त्या चुन्याच्या रेघेकडं बघत उभे. मला त्यांचं तोंड बघवेना. आई पदर तोंडाला लावून उभी, हसतेय की रडतेय ते कळेना. सिस्टर आल्या, रेघ बघितली, आत डोकावल्या.

"दार कुणीकडं हाय?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडं," आबा कसेबसे म्हणाले.

"मग झालं तर. बसा तुम्ही निवांत, आबा. मला काय त्यातला वाटा नको."

आबांनी दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन शेतात जायला सुरुवात केली. परक्याच्या जागेत बसणार नाही म्हणाले. आईनं समजावलं, मी समजावलं. पण तो माणूस उसाच्या पलीकडं, पार ओढ्यापर्यंत चालत जायचा, स्वाभिमानासाठी.

ह्याच दिवसांत, एका सुट्टीच्या दुपारी मी घरीच, माझ्या खोलीत जागा होतो. नेहमीचा दंगा चालू होता. मग एकदम थांबला. मी इतका दचकलो की उठून खिडकीतली गोधडी बाजूला केली. टँकात बायका कडेला सरकून उभ्या होत्या, आणि मध्ये पाण्यावर उताणी माझी आई होती.

आईला पाण्याची भीती. आमच्या विहिरीत ती कधी वाकून बघायची नाही. आणि ती इथं, जुन्या गाऊनमध्ये, डोळे मिटून, पाठीखाली सिस्टरांचा हात.

"सोड," सिस्टर म्हणत होत्या, ओरडत नव्हत्या. "मान सोड. सगळं सोड. घर न्हाई बुडत तुझ्याबिगर. तू बी न्हाई बुडत."

मग त्यांनी हात काढून घेतला. आई तशीच राहिली. मला आठवतं तेव्हापासून तिचे हात कशात ना कशात असायचे, पिठात, शेणात, खुरप्यावर. आता ते नुसते दोन्ही बाजूंना पसरलेले होते. ती कुणाचंच काही करत नव्हती. मी गोधडी परत लावली. मला तिथं बघत राहायचा हक्क नाही असं वाटलं.

आबांना ते कळायला थोडा वेळ लागला. ओली वेणी त्यांना दिसली असावी.

"तू टँकात उतरतीस?"

"व्हय."

"कवाधरनं?"

"तुम्ही मोजणीचा अर्ज केला तवाधरनं."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "बीपी कसं हाय मग?" एवढंच विचारलं.

"चांगलं हाय," आई म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचे हाल झाले. कालव्याचं आवर्तन लांबलं, विहिरींनी तळ दाखवला. सिस्टरांनी टँकात पाणी भरणं कधीच थांबवलं होतं, तरी होतं ते होतं, आणि लोक जाता येता बघायचे. बांधाला लागून आमची मिरची आणि झेंडू. झेंडूनं माना टाकल्या होत्या. आबा सकाळी उठून त्यांच्यामध्ये उभे राहायचे, नुसते. पाणी असलं तर माणूस काही करेल. नसलं की उभं राहण्यापलीकडं काय?

एका सकाळी मी पाळीवरून आलो तेव्हा सिस्टर बांधावर उभ्या होत्या.

"आबा! खोरं घ्या आन् दारं धरा. टँक सोडतीय."

दारं धरायची म्हणजे सरीसरीनं पाणी फिरवायचं. आबा जागचे हलले नाहीत. "त्यात औषध असतंय. पिकं जळत्याल."

"औषध कवाच बंद केलंय. म्हणून तर हिरवा पडलाय टँक. बघा की."

"आन् गावभरच्या बायकांनी अंग धुतलेलं पाणी..."

"निम्मं तुमच्याच बायकोचं हाय. घरचंच समजा!"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. मोटार सुरू झाली, पाईप फुरफुरला आणि बांधावरून पाणी आमच्या पहिल्या सरीत पडलं. आबांनी चपला फेकल्या, खोरं उचललं आणि धावले. माझा बाप पाण्यापुढं धावताना बघावा, सरीचं तोंड फोड, मागचं बांध, पुढचं फोड. साठी उलटलेला माणूस, पण पाणी आलं की पोरगा होतो. दुपारपर्यंत शेवटची सरी भिजली. आबा चिखलानं माखून बांधापाशी आले.

"सिस्टर, च्या घेऊन जावा," शेवटी म्हणाले.

आमच्या आबांकडून हे म्हणजे ताम्रपट.

"च्या पिते," सिस्टर म्हणाल्या, "पर मुंगी चावल्यागत वाटंल, आबा. वढ्याला जायाचं बंद करा. तिकडं साप निघत्यात, आन् चावलेल्या जागी सुई बी मलाच टोचावी लागंल."

दुसऱ्या दिवशी मी किती तरी महिन्यांनी माझ्या स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या गादीवर पडलो. टँक कोरडा ठणठणीत. बायका कशाला येतायत आता? खिडकी सताड उघडी टाकली. वारा आला. डोळा लागला.

आणि आवाज सुरू झाला. पूर्वीचा त्यापुढं काहीच नव्हे. रिकाम्या टँकात प्रत्येक शब्द चार भिंतींवर आपटून दुप्पट होऊन वर येत होता. हसणं तर अंगावर कोसळल्यासारखं. मी उठलो, बांध ओलांडला आणि टँकाच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

खाली, भिंतीच्या सावलीत, गावातल्या बायका कोरड्या फरशीवर पालथ्या पडल्या होत्या आणि हातपाय मारत होत्या. म्हाताऱ्या, सुना, सगळ्या. मधोमध आमची आई. सिस्टर त्यांच्यामधून फिरत, कुणाचा खांदा सरळ करत, कुणाचा पाय उचलत ओरडत होत्या, "पाणी न्हाई म्हणून विसरायचं न्हाई! पाणी कवा बी येईल! लाव जोर!"

माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. आबा होते, शेतातून आलेले, खांद्यावर खोरं. आता काहीतरी होणार, असं मला वाटलं. आईला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. ते वाकून बघत राहिले. मग न राहवून ओरडले, "आगं, गुडघा कशाला मोडतीस? सरळ ठिव की पाय!"

सगळ्या बायका एकदम थांबल्या. आईनं फरशीवरूनच मान वळवून वर बघितलं. आबांना पोहताना पायाचं काय करायचं असतं हे कुठून कळलं, हा प्रश्न काही एकट्या मलाच पडला नव्हता. आबांनी खोऱ्याच्या दांड्याकडं बघायला सुरुवात केली.

"आबा," सिस्टर म्हणाल्या, "वरनं शिकवता येत न्हाई. उतरा खाली."

आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं. खोरं माझ्या हातात दिलं, टोपी माझ्या हातात दिली, आणि शिडीला पाठ करून, एकेक पायरी चाचपत, खाली उतरायला लागले.